आईला तू सांग

वाळपई, आषाढ

प्रिय बाबल,

काकींच्या कोंबडीची पिल्लं गेली. चारच उरलीत. तुझे मेसेज बघूनही गप्प राहिलो तो याचसाठी. फोनवर बोलायचं तर आई पलीकडच्या खोलीत, आणि या गोष्टीत तिचं नाव येणारच. इथे कुणाला सांगावं तर म्हणतात, "कोंबडीची पिल्लं ती, पावसात मरायचीच." काकींनी पदराखाली झाकून आणून आमच्या अंगणात सोडलेली ती तुरेवाली, तिच्या वंशाला आता ही एकच भुरी राहिलीय, हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार?

आम्ही सगळे बरे आहोत. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर आटोक्यात.

मृगात भुरी खुडूक झाली. आईने हौसेने अंडी मांडली, जवळजवळ सगळ्यांतून पिल्लं निघाली. सुरुवातीला कशी टणाटण होती! मग एकेक पिल्लू कोपऱ्यात मान ताणून, चोच उघडी टाकून श्वास घ्यायला लागलं. सर्दी झाली की घरघर तरी ऐकू येते. इथे आवाज काही नाही, नुसती छाती वरखाली. संध्याकाळी धडपडत असलेलं सकाळी आडवं.

मेलेलं एक पिल्लू घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझ्यासमोरच फाडलं. फुप्फुसात नाचणीच्या दाण्याएवढ्या पिवळट पांढऱ्या गाठी. "बुरशी," म्हणाले. अ‍ॅस्परजिलस. ओल्या तुसात, भिजल्या दाण्यात वाढते, तिचे बीजाणू श्वासावाटे आत जातात आणि लहान पिल्लांच्या फुप्फुसातच रुजतात. एकाची दुसऱ्याला लागण होत नाही, पण सगळी एकाच हवेत असतात म्हणून पाठोपाठ पडतात. लागल्यावर उपयोगी पडेल असं औषध नाही. खुराडं कोरडं ठेवा, म्हणाले.

बाबल, आषाढात, वाळपईत, कोरडं!

खुराड्याची जागा तू निवडलीस, हे मी अजून विसरलेलो नाही. फणसाखाली ऊन पोचत नाही असं मी तेव्हाच म्हटलं होतं, आणि तुला म्हणे कोंबड्यांना सावली हवी होती. (तुला स्वतःला दुपारी तिथे लोळायला सावली हवी होती. काकींनी तुला दोनदा तिथूनच कान धरून उठवलाय.) आता फणस तोडवत नाही आणि खुराडं हलवायचं तर पाऊस थांबेपर्यंत शक्य नाही. भिंतीचा चिरा (जांभा दगड) पाणी पितो हे तुला सांगायला नको. वळचणीच्या पागोळ्या जमिनीवर आपटून भिंतीवर उडायच्या, तिथे हातभर उंचीपर्यंत शेवाळ चढलेलं. आतल्या अंगाला त्याच उंचीवर काळी-हिरवी बुरशी. मी भिंतीपासून फूटभर लांब चर खणला, त्यात फुटकी कौलं पसरली, वळचणीला झावळ्या बांधून पाणी पुढे काढलं. तेवढ्याने बाहेरून येणारं पाणी थांबलं.

पण ओल आतूनच येते. कोंबडीच्या विष्ठेत तीन चतुर्थांश पाणीच असतं, वर तिचा श्वास. पाऊस नव्हता अशा एका सकाळी मी खुराड्यावरच्या ताडपत्रीच्या आतल्या अंगावरून हात फिरवला, तर तळहात निथळत होता. रात्री थेंब पडला नव्हता. ते पाणी कोंबड्यांचंच. आणि आत वाकलो तर डोळे झोंबले. विष्ठेचा तो झोंबरा वास उभ्याने कळत नाही, पिल्लाच्या उंचीवर नाक न्यावं लागतं.

आणि ताडपत्री बांधते आई. दिवेलागणीला स्वतः जाते, चारही बाजू ओढून सुंभाने आवळते. गुडघे दुखतात तरी जाते. तिला वाटतं, पोरं गारठतील. शिवाय त्या वर्षी उदमांजराने काय केलं ते तिने पाहिलंय, तिने एकटीनेच ती पिसं गोळा केली होती. तिला मी काय सांगू, की तू मायेने करतेस त्याने ती गुदमरतात? मला ते तोंडातून काढवत नाही. भुरीच्या पिल्लांना ती नातवंडांसारखी हाका मारते रे.

मी बाकीचं सगळं केलं. खुराड्यात अंथरलेलं जुनं तूस काढलं. ते सुकं झाडायचं नाही, आधी पाणी शिंपडायचं, नाहीतर बुरशी उडून आपल्याच छातीत जाते. तोंडाला फडकं बांधून पाटीपाटीने लांब नेऊन पुरलं. भिंती घासून मोरचुदाचं पाणी मारलं, कुळागरात सुपारीच्या कोळेरोगावर मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण करतो त्यातलंच मोरचूद होतं. नवं तूस गिरणीतून आणून चुलीच्या माळ्यावर सुकवलं. रोज मूठभर उचलून दाबतो. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, सैल सुटला तर ठीक. मक्याचं पोतं जमिनीवरून उचलून फळीवर ठेवलं, कुबट वास येणारे दाणे फेकले. उन्हात घालून तसले दाणे चांगले होत नाहीत, बुरशीने सोडलेलं विष आत राहतंच. उरलेली चार पिल्लं भुरीसकट पडवीत टोपलीखाली आहेत आणि अजून धड आहेत.

पण त्यांना कधीतरी खुराड्यात न्यावंच लागेल, आणि हवा खेळल्याशिवाय यातलं काही टिकायचं नाही. पाऊस पश्चिमेकडून मारतो, ती बाजू बंद राहू दे. पूर्वेची वरची बाजू, कोंबड्यांच्या डोक्याच्या वर, रात्रीसुद्धा उघडी हवी. तिथे अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी ठोकली की उदमांजराचा पंजासुद्धा शिरत नाही. काकी काय करायच्या आठवतंय? भर पावसात वरची फळी उघडी टाकून झोपायच्या. आई त्यावरून त्यांच्याशी भांडायची, पण मनातून मानायची.

म्हणून तू सांग. माझं ती ऐकणार नाही. तुझ्या तोंडून काकींचं नाव आलं तर ऐकेल.

चिंगीचे मार्क कळव. वहिनींची बदली टळली हे बरं झालं. घराचा हप्ता वाढला म्हणालास, त्यावर सविस्तर लिही, चवथीला सगळे येताय ना तेही.

रविवारी चारनंतर फोन कर, तेव्हा तिचा चहा झालेला असतो. आधी भुरीची चौकशी कर, जाळीचं मग काढ. "मी पैसे पाठवतो" असं म्हणू नकोस, चिडेल. जाळी मी आणून ठेवलीय. आणि हे पत्र आलं होतं हे तिला कळता कामा नये.

तुझा,
दिगू