खंदकात पहाटे कुणी झोपत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत चार आठवडे चाललेली खंदकातल्या खुनाची कथा मी शेवटपर्यंत ऐकली. ऐकली म्हणतो, कारण मोतीबिंदूनंतर बारीक अक्षर लागत नाही, नात वाचून दाखवते. १९१५ सालचा फ्रान्स, हिंदी पलटण आणि पहाटे मरून पडलेला नायक हुद्द्याचा एक जवान. विषय चांगला निवडलाय. असे खून त्या युद्धात झाले होते. त्या युद्धात देहदंड झालेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने २००६ मध्ये मरणोत्तर माफी दिली, तेव्हा खुनाबद्दल देहदंड झालेल्यांना त्यातून वगळलं होतं.

पण मी २८ वर्षं पायदळात काढली, त्यातली शेवटची चार महूला, पोरांकडून खंदक खणून घेण्यात. म्हणून राहवत नाही.

कथेत खून होतो तेव्हा सगळे गाढ झोपेत असतात. खंदकात पहाटे कुणी झोपत नाही. हल्ला बहुधा उजाडताना नाहीतर दिवस मावळताना येतो, म्हणून उजाडायच्या आधीच प्रत्येक जण हत्यार घेऊन आपापल्या जागी उभा असतो. पहिल्या महायुद्धात हाच शिरस्ता होता, आम्हीही तोच पाळला. ‘स्टँड टू’ म्हणायचो त्याला. झोप मिळते ती नंतर, चहा पोटात गेल्यावर, बंदुका साफ झाल्यावर, तीही आळीपाळीने. कथेची सगळी गाठ त्या पहाटेच्या झोपेवर मारलेली आहे, म्हणून हे क्षुल्लक समजू नये.

दुसरं, साक्षीदाराला चाळीस पावलांवरून खुनी दिसतो. खंदक सरळ खणत नाहीत. दर काही पावलांवर वळण देतात, म्हणजे गोळा आत पडला तरी त्याचे तुकडे वळणापलीकडे जात नाहीत आणि शत्रू आत उतरला तरी त्याला लांबवर गोळ्या झाडता येत नाहीत. महूची माती काळी. पावसात भिंती ढासळायच्या, फावड्याला चिकटलेली माती बोटांनी ओरबाडून काढावी लागायची. खणून झालं की मी एकाला वळणापलीकडे उभा करायचो आणि अलीकडच्याला विचारायचो, काय कळतंय ते सांग. माणूस दिसायचा नाही. पण त्याचा खोकला, बुटाखालचा चिखल, काडीपेटी उघडल्याचा आवाज, सगळं अगदी कानाशी. खंदकातला साक्षीदार कानाने साक्ष देतो. लेखकाने हे धरलं असतं तर कथा कुठच्या कुठे गेली असती!

जखमेकडेही कथेत कुणी नीट बघत नाही. अगदी जवळून सुटलेल्या गोळीने कपड्यावर, कातडीवर बंदुकीच्या दारूचे काळे डाग उमटतात. त्याच १९१५ साली ब्राइटनच्या किचनर इस्पितळात कर्नल ब्रूस सीटन यांनी हिंदी सैनिकांच्या १,००० जखमा तपासल्या, कारण आपले शिपाई लढाई चुकवायला स्वतःच गोळी मारून घेतात असा संशय होता. त्यांना तो निराधार आढळला. जखम वाचणारी माणसं तेव्हा होती.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं ते. आमच्या एका चौकीत एक जवान गेला. साफ करताना साथीदाराची बंदूक सुटली. चौकशीत अपघात ठरला आणि तो अपघातच होता. पण निकाल यायला अकरा दिवस लागले, आणि त्या दिवसांत दोघांचं पत्त्यांवरून झालेलं जुनं भांडण एकेकाला आठवायला लागलं. चौकी एवढीशी, म्हणून ज्याची बंदूक सुटली तो पोरगा आमच्यातच. पहाऱ्याला त्याच्या जोडीला ज्याचं नाव घ्यावं तो खाली बघायचा. शेवटी मीच उभा राहिलो. मी पुढे, तो मागे दोन हातांवर. खंदकात तोंड शत्रूकडे असतं, म्हणजे पाठ आपल्याच माणसाकडे. माझी मान आखडली होती आणि त्याला ते मागून दिसत होतं. तिसऱ्या रात्री तो हळूच म्हणाला, “साहेब, मी पुढे होतो. तुम्ही मागे राहा.”

कथेतल्या त्या पलटणीत आठ जणांवर संशय आहे आणि आठही जण रात्री एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात. त्याबद्दल चार भागांत एक ओळ नाही. तपास करणारा साहेब मात्र भर दुपारी सगळ्यांना एका ठिकाणी गोळा करून खुनी कोण ते सांगतो. तोफखान्याच्या टप्प्यात इतकी माणसं कुणी एकत्र उभी करत नाही.

शेवटचा भाग संपला तेव्हा नातीने विचारलं, “आजोबा, त्या नायकाच्या घरी काय कळवलं? शत्रूची गोळी की आपली?” मला उत्तर देता आलं नाही. त्याचं गाव, आई, बायको, काहीच कथेत आलेलं नाही. मीही एकदा एका जवानाची ट्रंक त्याच्या गावी पोचवली आहे. त्याच्या आईने आधी कुलूप चाचपून पाहिलं होतं, कुणी उघडलंय का म्हणून.

या कथेचं पुस्तक होणार असेल तर लेखकाला माझा निरोप द्यावा. पहाट बदला, आणि त्या नायकाच्या घरी गेलेलं पत्र लिहा.

आपला,
एक निवृत्त सुभेदार,
सुदामा नगर, इंदूर