चाळीस अश्वशक्ती आणि आठपदरी पूल

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पणजीहून वास्कोला एका लग्नाला जाताना आगशी मागे टाकून आमची फियाट नव्या झुवारी पुलाच्या चढणीला लागली, आणि मागच्या बसवाल्याने हॉर्नवर ठेवलेला हात कुठ्ठाळी येईपर्यंत उचलला नाही. गाडीत आम्ही चौघे होतो, डिकीत आहेराचे सामान होते आणि काटा ४० च्या वर सरकायला तयार नव्हता. मागे बसलेला पुतण्या तेवढ्यात म्हणाला, "काका, आता तरी इंजिन बदलूया." त्याने पर्वरीच्या बाजूला एक गॅरेज हेरून ठेवले होते, तिथे मारुती जिप्सीचे इंजिन बसवून मिळणार होते आणि अंदाजपत्रकही त्याच्या खिशात तयार होते. त्या दिवसापासून आमच्या घरात जो वाद झाला, तो माझ्या ओळखीच्या आणखी चार घरांत वेगवेगळ्या गाड्यांवरून चालू आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गाडी १९७५ ची आहे. तिच्यावर नाव प्रीमियर पद्मिनी असले तरी तिला फियाटखेरीज दुसरे काही म्हटल्याचे मी आमच्या घरात ऐकले नाही. इंजिन १,०८९ सीसीचे, शक्ती चाळीसेक अश्वशक्ती, स्टिअरिंगलगतचा हँड गिअर, पुढे सलग बाक आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. पुतण्याला हवे असलेले जिप्सीचे इंजिन १,२९८ सीसीचे आणि ८० अश्वशक्तीचे, म्हणजे बरोबर दुप्पट. त्याचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. आज आगशीपासून कुठ्ठाळीपर्यंत आठ पदर झाले आहेत, रस्ता वेगाचा झाला आहे, आणि ज्या रस्त्यावर सारे ८० ने धावतात तिथे ४० ने जाणारी गाडी स्वतःला आणि मागच्यांना धोका असते, हे त्याचे वाक्य खोटे नाही. माझा आक्षेप त्याच्या निदानाला नव्हता. निदानाआधीच ठरलेल्या शस्त्रक्रियेला होता.

आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा निदेशक म्हणून काम करताना मी मुलांना पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट सांगत असे: गाडी जन्मतःच संथ आहे की आपल्या हयगयीने संथ झाली आहे, हे आधी ठरवा. पद्मिनी जन्मतः वेगवान नव्हतीच, पण चौघांना घेऊन फर्मागुढीची चढण तिसऱ्या गिअरमध्ये ती निमूटपणे चढत असे, हे मी स्वतः शेकडो वेळा अनुभवले आहे. मग ती पुलावर का दमली? लग्नाहून परतल्यावर चारही प्लग काढून सिलिंडरातला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज लावला. तीन सिलिंडरांनी १२० च्या आसपास दाब दाखवला आणि तिसऱ्या नंबरच्या सिलिंडरने ८०. त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजले तरी आकडा हलला नाही, म्हणजे दोष रिंग-पिस्टनचा नव्हता, व्हॉल्व्हचा होता. हेड खाली घेतले तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळलेली निघाली. या गाडीचे हेड ॲल्युमिनियमचे असल्याने एकदा फार तापले की ते वाकते; आमचेही किंचित वाकले होते आणि मशीनवर घासून सरळ करून घ्यावे लागले.

एवढ्यावर संपले नाही. प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बुशमध्ये ढिला झाला होता, त्यामुळे पॉइंटचे अंतर कितीही नीट लावले तरी ठिणगीचे टायमिंग जागेवर राहत नव्हते. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या थ्रॉटल शाफ्टच्या झिजलेल्या भोकांतून नको तिथे हवा शिरत होती. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक शू पूर्ण सुटत नव्हता, म्हणजे वर्षभर आम्ही अर्धवट ब्रेक दाबूनच गाडी हाकत होतो. यातला एकही दोष मोठा नाही, पण या चारही दोषांनी मिळून त्या चाळीसातले किती घोडे खाल्ले असतील याचा हिशेब वाचकांनीच करावा.

यात अलीकडे पेट्रोलची भर पडली आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, आणि लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एकतृतीयांशाने कमी असते. म्हणजे भरलेल्या प्रत्येक लिटरमागे सहा-सात टक्के ताकद पंपावरच कमी होते. नव्या गाडीचा संगणक मिश्रण आपोआप जुळवून घेतो. कार्बोरेटरला ते कळत नाही, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि चढणीवर आचके देते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या पद्धतीचे रबर खाते. आम्ही पेट्रोलचे सगळे पाइप इथेनॉलला टिकणारे घातले, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायाफ्रॅम बदलला आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारा मेन जेट एक माप मोठा केला. ज्यांच्या जुन्या गाड्या दुपारच्या उन्हात अचानक बंद पडतात त्यांनी इंजिन बदलण्याआधी हे करून पाहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

समजा, हे सगळे करूनही गाडी संथच राहिली, तर? ती राहणारच आहे. पण संथ असणे आणि धोकादायक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मते इंजिन बदलून आपण पहिलीतून दुसरीत जातो. ताशी ६० ऐवजी ८५ ने धावणारी तीच गाडी थांबवायला ब्रेकना दुप्पट ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जिरवावी लागते. ड्रम तापला की फुगतो, शूपासून लांब जातो, पेडल खाली जाते; चोर्ला घाटातून केरीला उतरताना ज्याने हे एकदा अनुभवले आहे त्याला अधिक सांगायला नको. आमच्या गाडीचा मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा आहे, म्हणजे एका चाकाचा पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. मागे पाट्याच्या स्प्रिंगा, अरुंद टायर, जुना स्टिअरिंग बॉक्स. या गाडीचे ब्रेक, चाके, गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलमधले क्राऊन-पिनियन दाते हे सारे चाळीस अश्वशक्तीच्या हिशेबाने आखलेले आहे. त्यात ८० घातले की आधी ब्रेक बदलावे लागतात, मग गिअरबॉक्स, मग मागचा ॲक्सल, रेडिएटर, सायलेन्सर. गिअरबॉक्स बदलला की हँड गिअर जातो, जमिनीवरच्या गिअरसाठी मधला पत्रा कापावा लागतो, आणि मग पुढचा सलग बाकही जातो. चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या माटोळीचे सामान मांडीवर घेऊन त्या बाकावर तिघे बसून गेलेले आमचे घर आहे, हे कारण तांत्रिक नाही याची मला कल्पना आहे.

नव्वदच्या दशकात शेजारच्या एका गृहस्थांनी आपल्या फियाटमध्ये डिझेल इंजिन बसवून घेतले होते. इंजिन वजनदार, पुढची बाजू दबली, स्टिअरिंग जड झाले. पुढचा क्रॉसमेंबर, म्हणजे इंजिनाखालचा आडवा तुळईसारखा भाग, गॅसने कापून मागे सरकवला होता, तो दोन पावसाळ्यांत गंजला. गॅरेजवाल्याने काढलेले मूळ इंजिन भंगारात विकून टाकले होते, त्यामुळे परतीची वाट राहिली नाही.

तरीही मी इंजिन बदलणाऱ्या प्रत्येकाला नावे ठेवणार नाही. ज्यांचे पोट टॅक्सीवर होते, त्यांनी डिझेल महाग-स्वस्ताचा हिशेब करून इंजिने बदलली, आणि त्यांच्या जागी मी असतो तर तेच केले असते. खुद्द कारखान्यांनीही हेच केले आहे. ॲम्बॅसॅडरला १९९२ मध्ये कंपनीनेच इसुझूचे १८०० सीसीचे इंजिन दिले, पद्मिनी पुढे डिझेलवरही निघाली, आणि मॉरिस मायनरचे इंजिन ८०३ वरून ९४८ आणि मग १,०९८ सीसीपर्यंत इंग्लंडमध्येच वाढत गेले. पोर्तुगीज काळात थेट युरोपातून आलेली ८०३ सीसीची मायनर आजही कोणाकडे असेल आणि तिला १,०९८ चे इंजिन बसवले, तर ती गाडी आपल्याच कुळात राहते. प्रीमियर कंपनीच्याच ११८ एनई मध्ये निस्सानचे १,१७१ सीसीचे इंजिन होते. ते पद्मिनीत बसवणाऱ्यांशी माझे भांडण फारच सौम्य आहे. रोजीरोटीची गाडी आणि आठवणीची गाडी यांना मात्र एकच माप लावू नये. आमची गाडी महिन्यातून चारदा बाहेर पडते. तिला घाई कसली?

कायद्याची बाजू पुतण्याला ठाऊक नव्हती आणि गॅरेजवाल्याने ती सांगितली नव्हती. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातील तपशील आणि निर्मात्याने ठरवलेले मूळ तपशील यांत तफावत पडेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ स्पष्ट केला. इंजिन नंबर जुळला नाही तर दर पाच वर्षांनी होणाऱ्या नूतनीकरणाच्या वेळी गाडी अडते, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयते कारण मिळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडीच त्यात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षांची. अर्थात ही नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते, म्हणून मी स्वतः ती अजून घेतलेली नाही. पण आमच्या गाडीला ५० वर्षे पूर्ण झाली आहेत आणि तो दरवाजा माझ्या पुतण्यासाठी उघडा आहे. जिप्सीचे इंजिन बसल्याच्या दिवशी तो बंद झाला असता.

जुन्या वाहनांच्या संस्थांची १९६६ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संघटना, फीवा, हिची सनद याबाबत समंजस आहे. वापरासाठी बदल करावेच लागले तर ते कमीत कमी असावेत, मागे घेता येण्याजोगे असावेत आणि काढलेले मूळ भाग गाडीसोबत जपून ठेवावेत, असे ती सांगते. त्या न्यायाने आम्ही दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवत आहोत, मागचे दिवे अधिक प्रखर केले आहेत आणि सीटबेल्ट लावले आहेत. जुना सिलिंडर डब्यात घालून, वर चिठ्ठी चिकटवून माळ्यावर ठेवायचा आहे. ज्यांना इंजिन बदलण्यावाचून गत्यंतर नाही त्यांनीही निदान मूळ इंजिन ऑइल भरून, पेटीत घालून, दमट हवेपासून दूर ठेवावे, आणि चासीला गॅस कटर लावू देऊ नये.

वाहतूक खात्याला एक विनंती. जुन्या गाडीत कोणता बदल चालतो, कोणत्या बदलाला आधी परवानगी लागते आणि व्हिंटेज नोंदणीसाठी कोणती कागदपत्रे हवीत, हे मराठी आणि कोकणीत एका पानावर छापून प्रत्येक कार्यालयात लावावे. आज ही माहिती मालकाला गॅरेजमध्ये मिळते, आणि तिथे ती विकणाऱ्याच्या सोयीची असते.

हेडचे, कार्बोरेटरचे आणि ब्रेकचे काम मिळून आम्हाला जो खर्च आला तो पुतण्याच्या खिशातल्या अंदाजपत्रकाच्या पाव हिश्श्याहून कमी होता. त्यानंतर पुन्हा चौघांनी झुवारी पूल ओलांडला, डावीकडच्या पदरातून, टॉप गिअरमध्ये, काटा ५५ वर. हॉर्न या वेळीही वाजले, पण कमी. गाडी पुतण्या चालवत होता.

आपला,
आयटीआयमधील एक निवृत्त निदेशक, फोंडा