ज्यांना टाय काढता येत नाही त्यांच्याबद्दल

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

पुरुषांनी आजच्या काळात टाय घालावा का, सूट शिवून घ्यावा का, की हे सगळं आता जुनं झालं, यावर हल्ली बरंच बोललं जातं. पण बोलणारे बहुतेक असे असतात की ज्यांना टाय घालायचा की नाही हे स्वतःच्या मनाने ठरवता येतं. मी टेलर आहे, पंचवीस वर्षं कटिंगच्या टेबलापाशी उभा आहे, आणि मला तिथून जे दिसतं ते जरा वेगळं आहे म्हणून हे पत्र लिहितोय.

आधी साहेब लोक टाय घालायचे आणि हाताखालची माणसं साध्या शर्टात असायची. आता नेमकं उलटं झालंय. मोठमोठ्या कंपन्यांचे मालक टी-शर्ट घालून स्टेजवर उभे राहतात, गोल्डमन सॅक्ससारख्या बँकेनेसुद्धा 2019 मध्ये ड्रेस कोड सैल केला, आणि टाय आता कुणाच्या गळ्यात दिसतो तर दारावरच्या सिक्युरिटी गार्डच्या, हॉटेलातल्या वेटरच्या, उन्हात दारोदार फिरून पॉलिसी विकणाऱ्या पोराच्या. ज्याच्याकडे पॉवर आहे त्याने टाय कधीच काढून ठेवला, आणि ज्याची नोकरी दुसऱ्याच्या हातात आहे त्याला तो रोज सकाळी बांधावाच लागतो. याचा मला खरंच राग येतो. माझ्याकडे अशी पोरं येतात, कंपनीने दिलेला शर्ट घेऊन, गळा एक नंबर लहान, वरचं बटण लागत नाही, आणि टाय तर कम्पल्सरी आहे, मग काय करतात तर गाठ वर ओढून ओढून ते उघडं बटण झाकायचं आणि दिवसभर तसंच राहायचं.

आणि हे नुसतं दिसायला वाईट आहे असं नाही. जर्मनीत 2018 मध्ये डॉक्टरांनी एमआरआय काढून तपासलं, तर टाय जरा त्रास होईल इतका आवळल्यावर मेंदूकडे जाणारं रक्त सरासरी 7.5 टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. इंग्लंडमध्ये 2007 साली सरकारी हॉस्पिटलांच्या डॉक्टरांचे टाय बंद करायचं ठरलं, कारण साधं आहे, टाय कोणी धूत नाही आणि तो एका पेशंटवरून दुसऱ्या पेशंटवर लोंबत जातो. जपानने तर 2005 मध्ये सरकारी मोहीमच काढली, उन्हाळ्यात टाय-कोट काढा आणि एसी 28 डिग्रीवर ठेवा. म्हणजे इतक्या शिस्तीच्या देशाला हे जमलं, मग बाकीच्यांना का जमू नये?

सक्ती कशी मोडते हेही बघण्यासारखं आहे. न्यूझीलंडच्या संसदेत फेब्रुवारी 2021 मध्ये राविरी वाइटिटी या माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजाच्या, खासदाराला टाय नाही म्हणून सभागृहाबाहेर काढलं, त्यांच्या गळ्यात त्यांच्या लोकांचा पारंपरिक दागिना होता, आणि त्यानंतर लगेच तिथे टायचा नियमच गेला. अमेरिकेच्या सिनेटने मात्र सप्टेंबर 2023 मध्ये कपड्यांचा नियम आधी सैल केला आणि त्याच महिन्यात एकमताने ठराव करून कोट-टाय परत आणला. मला सिनेटबद्दल तक्रार नाही, ते स्वतःसाठी नियम करतायत. दुसऱ्यासाठी नियम करून स्वतः मोकळ्या गळ्याने फिरणं हे मला पटत नाही.

पण याचा अर्थ टाय वाईट आहे असा कोणी काढू नये. मला टाय मनापासून आवडतो. सतराव्या शतकात क्रोएशियाचे सैनिक गळ्यात रुमाल बांधायचे, ते फ्रान्समध्ये लोकांना आवडलं आणि तिथून ही गोष्ट सुरू झाली, टायला फ्रेंचमध्ये म्हणतात तो क्रावात हा शब्दसुद्धा क्रोएशियावरूनच आलाय. आज आपण घालतो तो टाय न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ नावाच्या माणसाने 1920च्या दशकात बसवला. त्याने कापड सरळ न कापता उरेब, म्हणजे तिरकं, कापलं आणि तीन तुकडे जोडले, म्हणून टाय पिळत नाही, सुटल्यावर परत सरळ होतो. आत एक लांब सैल टाका असतो, तो मुद्दाम सैल ठेवलेला असतो, म्हणून गाठ तशीच ठेवून टाय डोक्यातून ओढून काढू नका, ज्या क्रमाने बांधला त्याच्या उलट क्रमाने सोडवा. इतकी डोकेबाज वस्तू आहे ही, ती कुणाला शिक्षा म्हणून कशाला घालायला लावायची?

गाठीचं म्हणाल तर केंब्रिजच्या दोन संशोधकांनी 1999 मध्ये गणित मांडून टाय बांधायच्या 85 पद्धती काढल्या. रोजच्याला साधी फोर-इन-हँड पुरते. गादी सोडलेला इंग्लंडचा राजा, ड्यूक ऑफ विंडसर, त्याची गाठ जाड दिसायची म्हणून लोकांनी विंडसर नॉट काढली, तो स्वतः साधीच गाठ बांधायचा, फक्त टायच्या आत जाड कापड घालून घ्यायचा. टोक बेल्टच्या बकलपर्यंत यावं आणि टायची रुंदी कोटाच्या लेपलला, म्हणजे छातीवर दुमडलेल्या पट्टीला, शोभेल अशी असावी, एवढं बास.

शिवलेल्या कपड्याबद्दल मात्र मी जास्त बोलणार, कारण खरा फरक तिथेच पडतो. टाय नसला तरी चालतं, पण कोटाचा खांदा चुकला की सगळंच चुकलं. कंबर आत घेता येते, बाही आखूड करता येते, पॅन्टची लांबी तर काहीच नाही, पण खांदा उतरलेला असेल तर बाही उसवून सगळं परत बसवावं लागतं आणि तरी तो पहिल्यासारखा बसेलच असं नाही. म्हणून रेडीमेड घेत असाल तर आधी खांदा बघा, मग मानेमागे कॉलर चिकटून बसते का बघा, आणि मग ब्रँड बघा. दुसरं म्हणजे कोटाच्या खालच्या काजाजवळ कापड आणि अस्तर दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून अलगद वेगळं करा, मध्ये तिसरा सुटा थर हाताला लागला तर आत कॅनव्हास, म्हणजे कोटाला आकार देणारं कडक कापड, शिवलेलं आहे, नाही लागला तर आतला थर बहुतेक गमने चिकटवलेला आहे आणि काही वर्षांनी ड्रायक्लिनिंगमधून येताना त्याला फुगे येऊ शकतात. शिलाईत जादा कापड सोडलंय का तेही उलटं करून बघा, म्हणजे पुढे अंग भरलं तरी कोट मोकळा करता येईल. माझं म्हणणं आहे की पाच कोट घेण्यापेक्षा एक घ्या आणि अल्टर करायला वेगळे पैसे ठेवा. टी-शर्टवाल्यालाही हेच लागू आहे, मापात बसलेला साधा शर्ट ढगळ महागड्या सुटापेक्षा कधीही चांगला दिसतो हे मी रोज ट्रायल रूमच्या आरशात बघतो.

म्हणून ज्यांच्या हातात युनिफॉर्मचा निर्णय असतो त्यांना एकच विनंती आहे. टाय ऐच्छिक करा. आणि तेही जमत नसेल तर निदान तीन साइजमध्ये गठ्ठ्याने शर्ट मागवू नका, प्रत्येकाच्या गळ्याचं माप घ्या, बटण लावल्यावर आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. एका माणसाला अर्धा मिनिट लागतो. मी घेतोय की रोज.

आपला,
एक टेलर