सेलचं पाकीट

डोंबिवली
12 नोव्हेंबर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

ट्रेनिंग संपवून साइटवर रुजू झालास, हे फोनवर कळलं. तुझ्या आईला कॅमेरा म्हटलं की अजून लग्नातला फोटोग्राफर आठवतो; आपला कॅमेरा म्हणजे किरणोत्सारी सोर्स ठेवलेली, पाइपाच्या जोडांचा फोटो काढणारी पेटी, हे तिला कुठून समजवू? त्यामुळे फोनवर मी फार बोललो नाही. लिहिणंच बरं.

किरणांपासून वाचायचं तर वेळ, अंतर आणि आडोसा, हे क्लासमध्ये तुला शिकवलं असेल. अंगावर घ्यायच्या किरणांची मर्यादा वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्ट, हीही पाठ असेल. पण तो आकडा कॅमेऱ्यासमोर किती टिकतो, हे एकदा वहीवर मांडून बघ. 40 क्युरी ताकदीचा इरिडियमचा सोर्स उघडा असेल तर एक मीटरवर तासाला सुमारे 200 मिलिसिव्हर्ट. म्हणजे सहा मिनिटांत वर्ष संपलं. आणि हात लावायला गेलास तर अंतर मीटरात राहतच नाही, सेंटिमीटरावर येतं. तिथे तो आकडा हजारपट, दहा हजारपट होतो.

आता जे आजवर घरात बोललो नाही ते सांगतो. पाइपलाइनचं काम होतं, थंडीची रात्र, पहाटेपर्यंत जॉइंट संपवायचे होते. किरणं मोजणाऱ्या सर्व्हे मीटरचे सेल गेलेले, म्हणून मीटर जीपमध्येच पडला होता. शॉट संपला, सोर्स पेटीत परत ओढायला मी क्रँक उलटा फिरवला, तो अडला. मला वाटलं, सोर्स आत आला. चालत गेलो आणि पेटीचं कुलूप दाबलं. ते सोर्स पूर्ण आत असला तरच दाबलं जातं. ते आत जाईना. दुसऱ्यांदा दाबलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला आणि मी पळालो. अंगावर पडलेले किरण दाखवणाऱ्या खिशातल्या डोसीमीटरचा काटा पट्टीच्या बाहेर गेला होता.

तीन महिन्यांनी, अंगावरचा डोस नोंदवणाऱ्या छातीवरच्या बॅजचा रिपोर्ट आला. साहेबांनी एक कागद पुढे केला: "बॅज चुकून कॅमेऱ्याजवळ राहिला होता, अंगावर नव्हता." बॅज माझ्या छातीवर होता. तरी मी सही केली. तू तेव्हा दोन वर्षांचा होतास आणि डोस जास्त निघाला की काम बंद होतं, हे सगळ्यांना माहीत असायचं. पोरं बॅज डब्याच्या पिशवीत ठेवून साइटवर जायची, ती त्याच भीतीने. तसला कागद तुझ्यापुढे आला तर आधी मला फोन कर. पगार गेला तर घर मी चालवीन.

1999 साली पेरू देशात यानांगो इथे जलविद्युत प्रकल्पाच्या बांधकामावर इरिडियमचा सोर्स कॅमेऱ्यातून सुटून खाली पडला. ना चमक, ना वास, ना गरम. एका वेल्डरने तो उचलून पँटच्या मागच्या खिशात टाकला आणि दिवस संपल्यावर तसाच घरी गेला, बायकामुलांत. रेडिओग्राफी करणाऱ्यांना कधी कळलं? रात्री फिल्म कोरी निघाली तेव्हा. त्या माणसाचा उजवा पाय कापावा लागला. तो आपल्या धंद्यातला नव्हताही. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. म्हणून कॅमेऱ्याभोवती धोक्याची दोरी बांधशील तेव्हा पलीकडे झोपलेल्या हेल्परना, चहावाल्या पोरालाही उठवून लांब पाठव. रात्री सगळे वैतागतात, वैतागू देत.

बाकी काही विसरलास तरी चालेल, पण प्रत्येक शॉटनंतर मीटर हातात धरूनच कॅमेऱ्याकडे जा. क्रँकवर विश्वास ठेवू नकोस. मीटर गप्प असेल तर आधी तो जिवंत आहे का ते बघ; मेलेला मीटरही गप्पच असतो. आणि सोर्स अडकला तर शहाणपणा करू नकोस. लांब हो, माणसं हटव, आरएसओला, म्हणजे किरण-सुरक्षा अधिकाऱ्याला बोलाव.

सोर्स जुना झाला की शॉटला वेळ लागतो, 74 दिवसांत ताकद निम्मी होते. तेव्हा हेल्पर कंटाळून दोरीच्या आत येतात. तिकडे लक्ष ठेव.

आईने डिंकाचे लाडू पाठवलेत. डब्याखाली कागदात गुंडाळलेले सेल आहेत, बारा. ती विचारत होती, साइटवर सेल मिळत नाहीत का. मी म्हटलं, मिळतात, पण जरा महाग पडतात.

तुझे
बाबा