मंगळवारची वेळ घेतली आहे

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

आधी कबुली देते, मग हवं तेवढं रागवा. मंगळवारी लिव्हरच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे आणि मी सोमवारी रात्री पोचते आहे. विचारलं असतं तर बाबा, तुम्ही 'बघू' म्हणाला असतात. आत्याच्या वेळीही आपण 'बघू'च म्हणत होतो. माझी रजा शिल्लक होती, नाहीतरी वायाच गेली असती. खरंच सांगतेय आई, फोनवर परत परत विचारू नकोस.

गेल्या खेपेला बाबांच्या कप्प्यात चष्म्याच्या घराखाली सोनोग्राफीचा रिपोर्ट सापडला, चार घड्या घातलेला. ग्रेड २ फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात मध्यम प्रमाणात साचलेली चरबी. शेजारीच पट्टा होता, खिळ्याने नवं भोक पाडलेला. तेव्हा मी पट्ट्यावरून तुमची थट्टा केली आणि रिपोर्टचं काहीच बोलले नाही. ते मनाला लागून राहिलंय.

'थेंबसुद्धा घेत नाही, मग लिव्हरला काय धाड भरली?' हा तुमचा प्रश्न रास्त आहे. हा आजार दारूचा नाहीच, चयापचय बिघडल्याचा आहे. २०२३ मध्ये त्याचं नावसुद्धा तसंच बदललं.

आणि आई, तेलाची बाटली लपवून स्वतःला बोल लावणं थांबव. अशाच लठ्ठ रुग्णांच्या यकृतातली चरबी तपासली, तेव्हा ताटातून थेट आलेली निघाली सुमारे १५ टक्के. ५९ टक्के अंगावरच्या साठ्यातून रक्तात सुटलेली होती आणि २६ टक्के यकृताने स्वतःच बनवलेली, मुख्यतः साखर आणि पिष्टापासून. एरवी जेवल्यावर इन्सुलिन त्या साठ्याचं दार लावून घेतं. बाबांचं दार नीट लागत नाही, म्हणून चरबी झिरपत राहते. इन्सुलिन मग आणखी वाढतं, आणि गंमत म्हणजे 'नवी चरबी बनव' हा त्याचा हुकूम यकृत मुकाट्याने ऐकतं. जाळून आणि रक्तात पाठवूनही जी उरते, ती तिथेच साचते. तेव्हा तुझ्या तेलापेक्षा रात्री अकराला फ्रिज उघडून गोड शोधणारे गृहस्थ जास्त जबाबदार आहेत!

बाबा, त्याच पोटावर कान ठेवून मी झोपायचे. आत आगगाडी आहे म्हणायचात. ते पोट आता टेपने मोजू म्हणतेय, मनाला लावून घेऊ नका.

तपासणी फायब्रोस्कॅनची आहे, यकृत किती कडक झालंय आणि त्यात चरबी किती, ते बाहेरूनच मोजतात. सुई नाही, फासळ्यांमध्ये टिचकी मारल्यासारखं वाटतं, दहाएक मिनिटांत मोकळे. आधी तीन तास पोट रिकामं हवं, म्हणून सकाळी लवकरची वेळ घेतली आहे. तिथे लिफ्ट आहे, गुडघ्यांची काळजी नको. गाडीत पाठीला तुमचीच उशी ठेवीन.

'रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आहे' हे कारण चालणार नाही. रक्तातली लिव्हरची एन्झाइम नॉर्मल असूनही चरबी असू शकते. ९० किलोतले साडेचार उतरले तरी यकृतातली चरबी कमी होऊ लागते. यकृताची सूज ओसरायला साडेसहा ते नऊ किलो उतरावे लागतील. पण सावकाश. आठवड्याला किलोच्या वर नाही, आणि कडक उपास तर मुळीच नाही, त्याने यकृत उलट बिघडू शकतं. चालायला मात्र आजपासूनच लागा. वजन हललं नाही तरी चालण्याने यकृतातली चरबी घटते. आई, तूही जा बरोबर, नाहीतर हे कोपऱ्यावरूनच परत फिरतील.

रिपोर्ट कप्प्यातून काढून आईकडे द्या. घड्या पडल्यात म्हणून फेकू नका.

तुमची,
छकुली