बांधाला खांड गेली

प्रिय सुरेश,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "एका उधाणात खाडीचं पाणी अडवणारा एवढा बांध कसा गेला रे?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

एका उधाणात नाही गेला. अमावस्येच्या रात्री खांड गेली, म्हणजे बांध फुटला. दुसऱ्या दिवशी ओहोटी लागल्यावर मी जाऊन आलो. उरलेल्या बांधाच्या अंगाला खेकड्यांची बिळं होती. एकात हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला. आतली माती हाताला लागली ती पिठल्यासारखी सैल. बिळातून भरतीचं पाणी रोज पाझरतं आणि जाताना चिमूटभर गाळ घेऊन जातं. वरून बांध धडधाकट दिसतो, गवत हिरवंगार असतं, गुरं त्यावरून जातात. मग मोठं उधाण येतं आणि वरचा भाग खाली बसतो. पहाटेपर्यंत वीस हात रुंद वाट झाली होती. लावणी झालेलं सगळं खाऱ्या पाण्याखाली. राता भात खारं सोसतो, पण इतकं नाही. दोन-तीन पावसाळ्यांनी जमीन धुऊन निघेल तेव्हा खरं. तुमच्या तळ्यातला जिताडा मासाही खाडीला गेला.

गावाने मिळून बांध राखायची ती जोळ तुला आठवते ना? घरटी एक माणूस बांधावर. भांगाला, म्हणजे भरती कमी चढते त्या दिवसांत, बिळं बुजवायची, चिखल थापायचा, पाणी बाहेर सोडायच्या उघाडीची दारं बघायची. रात्री कुणी कुकारा दिला की तुझे आण्णा आणि माझा बाप फावडी घेऊन पळायचे, मागून आपण कंदील धरून. पुढे बांध सरकारकडे गेले. १९४८ ला खारजमिनींचा कायदा झाला, १९७९ ला नवा. सरकारने बांध घेतले यात मला वाईट दिसत नाही. दगडाचं काम गावाच्या आवाक्यातलं नव्हतंच. पण हळूहळू बांधावर फेरी मारायची सवयही गेली. मी स्वतः गेल्या आठ वर्षांत बांधावर पाय ठेवला नव्हता, सुरेश. हे लिहिताना लाज वाटते.

आणि दुसरी झीज सांगतो, ती मला जास्त टोचते. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत बांधाचा विषय होता. शंभर माणसं आली की कोरम होतो. आलो आम्ही एकोणीस. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला कोरम लागत नाही, हे तुला माहीत असेल. पुढच्या सभेला सात जण होतो आणि दहा मिनिटांत सगळे ठराव मंजूर. बांधाचा ठराव 'वरिष्ठांकडे पाठवावा' एवढाच. नंतर कळलं, घरोघरी रजिस्टर फिरवून सह्या घेतल्यात. आमच्या घरीही आलं होतं, सुनेने सही केली. कुणी वाईट माणूस नाही रे यात. "आता कोण जातंय," एवढंच प्रत्येकाचं.

याच खारेपाटात, आपल्या या खाडीकाठच्या पट्ट्यात, चरी गावच्या कुळांचा खोतांविरुद्धचा संप झाला होता. १९३३ ते १९३९, सहा वर्षं! नारायण नागू पाटलांच्या मागे गावंच्या गावं उभी राहिली, खोतांच्या जमिनी पडीक ठेवल्या, कुणी नांगर धरला नाही. तुझी आजी सांगायची, डोंगरातून लाकूडफाटा आणून विकायचो आणि चूल पेटवायचो. बाबासाहेबांनी पाठिंबा दिला तो असल्या माणसांना. त्या घरांतली आम्ही नातवंडं, आणि सभेला एकोणीस.

खांडीच्या आतल्या बाजूला, तुमच्या वरच्या तुकड्यात खाऱ्या पाण्यात उगवणाऱ्या तिवरांची रोपं दिसली, वीतभर उंचीची. याआधीही पाणी येत होतं तर तिथे. कुणी पाहिलं नाही. ती वाढली की तोडता येणार नाहीत आणि शेतही परत मिळणार नाही.

कार्यालयात अर्ज दिलाय, पोच घेतली आहे. पण तोवर थांबून चालणार नाही. अष्टमीला भांग आहे. खांड आपल्याने बुजणार नाही, पण दोन्ही अंगांची बिळं तरी बुजवता येतील. अकरा जणांनी येतो म्हटलंय, त्यातले चार आपल्या वर्गातले. सप्तमीच्या रात्री ये, जेवायला आमच्याकडेच. आण्णांचं फावडं अजून आमच्या पडवीत आहे, दांडा नवा बसवून ठेवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दत्ता