मुलांच्या हाताला लागेल अशी खुंटी ठोकणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये माझा मुलगा तुमच्या बालवाडीतून पहिलीत जाईल. निरोपाच्या कार्यक्रमात आम्ही सगळ्या आया घाईघाईने दोन शब्द बोलतो आणि बसतो. मला तुमचे आभार सविस्तर आणि चारचौघांत मानायचे आहेत, म्हणून हे जाहीर पत्र.

तुम्ही त्याला गाणी शिकवलीत, अक्षरांची ओळख करून दिलीत. त्याचे आभार आहेतच. पण माझं मन भरून येतं ते वेगळ्याच कारणाने. या मुलाला खोटं बोलायची गरजच वाटत नाही.

मध्यंतरी आजोळी पंगतीत त्याच्या हातून पाण्याचा तांब्या कलंडला. ओघळ थेट शेजारच्या पानापर्यंत गेला. मोठी माणसं "कुणी सांडलं?" म्हणेपर्यंत हा "माझ्याकडून सांडलं" असं सांगून मोरीकडे फडकं शोधायला गेलासुद्धा. जमिनीवर गुडघे टेकून त्याने पाणी कडेकडून मध्ये ओढत आणलं, फडकं पिळलं, पुन्हा पुसलं. तोंडावर भीती नव्हती आणि कुणी शाबासकी देतंय का, असं बघणंही नव्हतं. मामा मला म्हणाले, "पोराला छान वळण लावलंस हो." ते वळण कुठे लागलं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तुमच्या वर्गात मुलांच्या हाताला सहज लागेल इतक्या खाली एक खुंटी आहे आणि तिला रोज धुतलेलं फडकं अडकवलेलं असतं. कुणाचं पाणी सांडलं की तुम्ही ओरडत नाही, धावत जाऊन स्वतः पुसतही नाही. नुसतं खुंटीकडे बघता. मूल उठतं, पुसतं, पुन्हा खेळायला बसतं. "नेहमी खरं बोलावे" हे वाक्य मी तुमच्या तोंडून कधी ऐकलं नाही, आणि तरी तुमच्या वर्गातली मुलं लपवालपवी करत नाहीत. करतील कशाला? सांडलं तर काय करायचं, हे त्यांच्या हातांना माहीत आहे. मार बसेल म्हणून खरं बोलणारं मूल मारणारा समोर नसला की वेगळं बोलतं. या मुलांचं तसं होत नाही, हे मी घरात रोज बघते.

पालकसभेत तुम्ही बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांच्याबद्दल बोललात, ते माझ्या मनात घर करून राहिलं. गुजरातेत भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाईंनी 1945 मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे 1957 मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तिथे अक्षरांआधी काय होतं? आंघोळ, नखं कापणं, केस विंचरणं, अंगण झाडणं. तुम्ही म्हणालात, "ही शिक्षणाची पूर्वतयारी नव्हे, हेच शिक्षण." तेव्हा मान डोलावली होती, अर्थ उमगला तो त्या पंगतीत. आपल्या शाळांच्या मूल्यशिक्षणातही नीटनेटकेपणा आणि श्रमप्रतिष्ठा ही मूल्यं आहेत. पण ती फळ्यावर लिहून अंगी येतील कशी? ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय की वीणा वाजवूनच माणूस वादक होतो, तसा न्यायाने वागूनच न्यायी होतो.

ताई, काही पालक म्हणतात की सवय लावणं म्हणजे मुलांचे पोपट करणं. त्यांची काळजी मला समजते, कारण तसल्या सवयी लावणाऱ्या जागा आहेत: हाताची घडी, तोंडावर बोट. तुमच्याकडे तसं नाही. केळी कापणाऱ्या मुलाने सगळ्यांना वाढून शेवटचा तुकडा स्वतः घ्यायचा, हा तुमचा रिवाज. एकदा एका मुलीने विचारलं, "मीच का शेवटी?" तुम्ही तिला गप्प केलं नाहीत. "तू काय करशील मग?" असं विचारलंत आणि त्या दिवशी तिला आधी घेऊ दिलंत. तिने घेतला तो सगळ्यांत मोठा तुकडा! दुसऱ्या दिवशी सुरी दुसऱ्याच्या हाती होती, मोठा तुकडा त्याच्याकडे गेला, आणि मग मुलांनीच ठरवलं की जुनीच पद्धत बरी. त्या दिवसापासून ती पद्धत तुमची राहिली नाही, त्यांची झाली. सवय आधी लागली, पण तिच्यामागचं कारण मुलांना स्वतः शोधू दिलंत, यासाठी मी तुमची ऋणी आहे.

हे सगळं करायला किती धीर लागतो, हे मला दिसतं. चार वर्षांच्या मुलाला बटण लावायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ तुम्ही हात मागे बांधून उभ्या राहता. तुटपुंज्या मानधनात, पटावर इतकी मुलं असताना. आमच्यासारख्यांना घरात एका मुलासाठी तेवढं थांबणं जड जातं.

धाकटीचं नाव यंदा तुमच्याकडे घालते आहे. शनिवारी मदतीला एक माणूस कमी पडतं, असं तुम्ही म्हणाला होतात. जूनपासून मी येत जाईन. काय करायचं आणि काय करायचं नाही, ते पहिल्या दिवशी मलाही सांगा.

आपली नम्र,
एक आई